सँ मालोच्या समुद्रात पांढऱ्या साड्या

सुजे,

करुणाचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. तुला जाऊन आठवडाही झाला नव्हता. तुझी लेक बेसिंगस्टोकहून ऑफिस संपवून निघाली होती, गाडीतूनच बोलत होती.

"मावशी, संडेला पुण्यानुमोदन आहे ना, तिथे ठेवायला मम्मीची एक चांगली फोटो पाहिजे. हॉस्पिटलमधली नको. त्या वुलनच्या टोपीतली तर नकोच. यंग असतानाची. तुझ्याकडे असणारच."

"ढिगानं आहेत," मी म्हणाले.

फोन ठेवला, अल्बम काढले, पलंगावर पसरले. ढीग होता खरा. पण त्यात सगळीकडे मीच. मी पॉलिटेक्निकच्या पायऱ्यांवर, मी बर्फात, मी पोट आत ओढून, मी पोट आत ओढायचं विसरून. तू कुठेच नाहीस. असणार कशी? कायम कॅमेऱ्याच्या मागे. तुझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा, रजिस्ट्री ऑफिसच्या दारात, गळ्यात हार घालून, कुणीतरी मागून टिपलेली तू पाठमोरी उभी आहेस आणि फोटो काढणाऱ्या दिराला सूर्य कुठल्या बाजूला हवा ते समजावतेयस. पुढे मोबाइल आले तर तू तळहात आडवा धरायचीस. तुझ्या तळहाताचे माझ्याकडे इतके फोटो आहेत की एखाद्या ज्योतिषाला देता येतील.

आणि मला तुझा चेहरा हवा होता गं. करुणासाठी हवा होता हे झालंच, पण मलाही बघायचा होता. आजारानं खाल्लेला नको. विशीतला, नाकपुड्या फुगलेला, माझ्यावर ओरडताना असायचा तो.

तसा एकच फोटो आहे जगात. कुठला ते तुला ठाऊक आहे. दर भेटीत विचारायचीस ना, "तो फाडलास ना गं?" आणि मी मान वर न करता म्हणायचे, "केव्हाच." फाडला नव्हता. इतकी वर्षं माझ्या साड्यांच्या कप्प्यात, लग्नातल्या शालूच्या घडीत होता. आता काय ते रागव.

तो काढला तेव्हा आपण काय ध्यान होतो! तुझं जाऊ दे, मी होते. इल्फर्डच्या पुणेरी घरातून कॉव्हेंट्रीला शिकायला आलेली, गेल्या गेल्या होमसिक होऊन कँटीनच्या रांगेत नाक पुसत उभी राहिलेली. आणि मागून आवाज आला, "काहून रडून राहिली? चिप्स संपले का?" इंग्लंडच्या मधोमध, मोटारींच्या कारखान्याच्या त्या गावात, नागपूरकडची मराठी! मी रडणं थांबवून हसायला लागले आणि तू ट्रे पुढे सरकवलास. तुझे बाबा त्याच कारखान्यात, आई शिवणकाम करायची, आणि तुझ्या गळ्यात विटेएवढा जड, सेकंडहँड रशियन कॅमेरा. मी त्या काळी कोटावर बायकांच्या हक्कांचा बॅज लावून फिरायचे. लग्नसंस्था कशी मोडीत काढली पाहिजे यावर तुला भाषणं द्यायचे आणि भाषण संपलं की विचारायचे, "माझं नाक बाजूनं कसं दिसतं गं?"

त्या ईस्टरच्या सुट्टीत फ्रान्सला जायचं तू ठरवलंस. पोस्टातून मिळणारा वर्षभराचा पासपोर्ट, पोर्ट्समथहून बोट, सँ मालोचं यूथ हॉस्टेल. माझ्या आईनं परवानगी दिली ती एका अटीवर. पुण्याला पाठवायला माझा साडीतला फोटो हवा होता, स्थळांसाठी.

"आणि मागे काहीतरी फॉरेनचं येऊ दे," आई म्हणाली.

"आई, आपण फॉरेनमध्येच राहतो."

"इल्फर्ड कुठलं फॉरेन? मागे कचऱ्याचे डबे येतात."

तिनं मोरपंखी कांजीवरम, परकर आणि सेफ्टी पिनांची पुडी माझ्या रकसॅकमध्ये कोंबली. मी बॅज लावलेल्या कोटातच ती रकसॅक उचलली. तू तेव्हा नुसतं बघून घेतलंस. बोटीवर मी ओकत असताना मात्र म्हणालीस, "लग्नसंस्था मोडीत काढायला निघालीस ना? मग साडीचं काय, पॅराशूट करणार?"

बोट उतरेपर्यंत मी एक लाल बेरे टोपी विकत घेतली होती. शाळेतल्या फ्रेंचवर माझा केवढा भरवसा! पण मला त्या भाषेत खात्रीनं एवढंच सांगता येत होतं की माझ्या काकांची बाग मोठी आहे. तू तेही बोलायची नाहीस. तू नुसती एखाद्या माणसासमोर उभी राहायचीस, कॅमेरा जरा उचलायचीस, भुवया उंचवायचीस. आणि ती माणसं हसून मान डोलवायची. शिंपले साफ करणारी म्हातारी, बेकरीच्या दारात पिठाच्या हातानं सिगारेट ओढणारा माणूस, ओहोटीनंतर चिखलात कलंडलेल्या होड्या. मी टोपी घालून तटबंदीवर पोझ देऊन उभी, आणि तू माझ्या मागच्या बाईचे मोजे टिपत होतीस.

"मी इकडे आहे!"

"दिसून राहिलं. तू रोजच आहेस. ते मोजे पुन्हा नाही भेटणार."

आपलं कडाक्याचं भांडण झालं ते त्या तटबंदीवर. शेवटी तूच तह केलास. "फिल्म तीन आणल्या. दोन माझ्या, एक तुझ्या नवऱ्याची. बस?"

मग ती साडी. तुला नेसवता येत नव्हती, मला नेसता येत नव्हती. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये तू डोळे मिटून तुझी आई कशी नेसते ते आठवत उभी, मी परकरात कुडकुडत, आणि एक जर्मन मुलगी बिचारी पदराचं टोक धरून. निऱ्या काही केल्या खाली येईनात, पुढे फुगाच होई. पुडीतल्या सगळ्या पिना संपल्या. मी पडद्यासारखी दिसत होते, आणि त्यावर मी ती लाल टोपी चढवली! तू म्हणालीस, "वसे, टोपी काढ. पुण्यातला माणूस घाबरेल." मी काढली नाही. टोपीशिवाय फ्रान्स कसं कळणार त्याला?

ओहोटी होती. समुद्र मैलभर मागे गेलेला, ओली काळपट वाळू, तिच्यामागे किल्ल्याची भिंत. वारा असा की पदर माझ्याआधी इंग्लंडला पोचला असता. पण तू मनापासून काढलेस गं ते फोटो. पदर हातावर घे, मान वळव, हसू नकोस, आता हस. कोणीतरी माझ्याकडे इतकं बघतंय असं मी त्याआधी कधी अनुभवलं नव्हतं. नंतरही नाही, आमच्या ह्यांना ऐकू जाऊ नये.

फिल्म संपत आली तेव्हा मी हट्ट धरला. "आता तुझा. एक तरी."

तू नको नको म्हणालीस, मग कॅमेरा दिलास. देताना सूचना! श्वास रोख, कोपर छातीला लाव, बटण दाब, खेचू नकोस. बूट हातात घेऊन अनवाणी मागे गेलीस. मी डोळा लावला. पट्टा गळ्यात घालायचा राहिला होता, तो माझ्या त्या फुगलेल्या निऱ्यांवर लोंबत होता, खाली वाळूत साचलेलं खारं पाणी.

"पट्टा! पट्टा गळ्यात घाल आधी, डाफ्ट, येडी कुठली!"

तू ओरडत माझ्याकडे धावायला निघालीस, आणि मी बटण दाबलं.

परत आलो. पुढचं तुला सांगायला नको, पण मला सांगायचंय. तुझी ती सवय: फिल्म संपली की मागे गुंडाळताना तिचं शेपूट, म्हणजे टोक, डबीबाहेर ठेवायचीस, डार्करूममध्ये सोपं जातं म्हणून. नव्या फिल्मचंही शेपूट बाहेरच असतं. तुझ्या घरी साइडबोर्डवर माझ्या नवऱ्याची फिल्म शेपूट काढून पडलेली. आणि त्याच आठवड्यात कॉव्हेंट्रीच्या कम्युनिटी सेंटरमध्ये जयंतीचा कार्यक्रम. दरवर्षी फोटो काढायचा मान तुझ्या बाबांचा. त्यांनी ती बघितली, म्हणाले, "कोरी फिल्म काहून वाया घालवायची?" आणि घातली कॅमेऱ्यात.

पाकीट घेऊन तू कोच बसनं इल्फर्डला आलीस. फोटो बघितलेस तेव्हा कुणालाही सांगितलं नव्हतंस, मला दाखवून माझं तोंड बघायचं होतं म्हणे तुला. पण पाकीट आईच्या हाती लागलं. तिनं खिचडीचा हात पदराला पुसला आणि टेबलावर एकेक फोटो मांडला. मी मोरपंखी साडीत, मागे समुद्र. आणि त्या काळ्या वाळूतून, माझ्या पोटातून, निऱ्यांतून, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका हात जोडून उभ्या. समुद्रात रांगेनं उभ्या. किल्ल्याच्या भिंतीवर निळे झेंडे आणि हार घातलेली मोठी तसबीर. माझ्या नाकाच्या जागी मेणबत्ती. शिवाय लॅबनं प्रत्येक फोटोवर सल्ल्याचं स्टिकर चिकटवलेलं, एकाच फिल्मवर दोनदा फोटो काढलेत, पुढच्या वेळी तपासून घालावी म्हणून.

आईनं सगळे फोटो उलटे ठेवले. तुला विचारलं, "तुमच्या लोकांचा काही कार्यक्रम होता का?"

"हो, काकू. जयंती," तू म्हणालीस. सरळ बघत.

आई पुढे काही बोलली नाही. मला म्हणाली, "खिचडी गार होतेय." फक्त मला.

मी वर जाऊन उशीत तोंड खुपसलं. तू दारात आलीस, हसू दाबत. "वसे, ऐक. इतके चांगले फोटो मी जन्मात काढले नाहीत. आणि हेही मी काढले नाहीत!" मी उशी फेकली. म्हणाले कचरा आहे, कचऱ्याच्या डब्यात टाक. इथून आपला वाद सुरू झाला आणि परवापर्यंत चालला. तू म्हणायचीस ते फोटो आहेत, मी म्हणायचे तो अपघात आहे. तू म्हणायचीस बघ तरी नीट, उजेडाच्या जागी काही उमटलं नाही, जिथे वाळू काळी होती तिथेच आयाबायांना जागा मिळाली. मी म्हणायचे, मिळाली ना जागा? माझ्या पोटात!

पण एक गोष्ट आपण कधी बोललो नाही. खाली आई गप्प झाली आणि वर मी रडले, ही दोन्ही एकाच कारणानं, असं तुला वाटलं का? तू कधी विचारलं नाहीस, आणि मी न विचारता कशी सांगणार होते? आईचं कारण तुला कळलं, मलाही कळलं. माझं कारण, सुजे, ती टोपी होती. इतक्या मुश्किलीनं घातलेली, लाल, महागडी, आणि फोटोत तिच्या जागी कोणाचा तरी अंबाडा. एवढीच माझी उंची होती त्या वयात. हे तुझ्या तोंडावर सांगितलं असतं तर तू हसून हसून पडली असतीस, आणि मीही एकदाची सुटले असते.

मग इल्फर्डच्या स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे माझा फोटो निघाला आणि त्यावर लग्न ठरलं. आमचे हे आता म्हणतात, तो फोटो त्यांनी बघितलाच नव्हता.

लग्नाचे फोटो तूच काढायचे, एवढं मात्र मी आईला ठणकावून सांगितलं. बॅज एकदाच कामी आला. त्या दिवशी तू हॉलमध्ये शिरलीस, ट्रायपॉड, दोन बॅगा, आणि तडक आईसमोर जाऊन उभी राहिलीस. सगळ्या वरपक्षासमोर फिल्मचं कोरं खोकं वर धरलंस.

"काकू, बघून घ्या. सील तुमच्यासमोर तोडते."

आई बघत राहिली. आणि मग काय झालं ते तू मला पुढे शंभरदा अभिनय करून दाखवलंस: आधी तिचे खांदे हलले, मग नथ हलली, मग ती जी हसायला लागली ते मामांनी पाणी आणेपर्यंत. तुझ्यासमोर ती पहिल्यांदा हसली. तो फोटो आहे माझ्याकडे, आईचा सगळ्यात चांगला. पुढे म्हातारपणी तिला कुठलाही फोटो काढायचा असला, अगदी बसपाससाठीचा, तरी म्हणायची, "सुजाताला बोलाव, ती माणसाला माणसासारखं काढते." तेव्हा तू कौन्सिलमध्ये नोकरी करून शनिवार-रविवार लोकांची लग्नं काढत होतीस, आणि आईचा बसपास काढायला कॉव्हेंट्रीहून यायचीस. बसपासच्या निमित्तानं जेवून जायचीस. ती तुला वाढायची, आणि तुझं ताट रिकामं दिसलं की माझ्यावर ओरडायची.

तिनं त्या जुन्या दुपारबद्दल तुला कधी काही म्हटलं का, मला माहीत नाही. तुम्ही दोघी स्वयंपाकघरात असायचात तेव्हा मी मुद्दाम आत येत नसे.

आपण सँ मालोला परत जाणार होतो. नव्या फिल्म घेऊन, टोपीशिवाय. समुद्राखालून बोगदा झाला तेव्हा तू फोन केलास, "आता तर तू ओकणार पण नाहीस, काय बहाणा सांगशील?" माझा धाकटा तेव्हा पाळण्यात होता. मग तुझ्या बाबांचं आजारपण, मग ते घर विकताना पसाऱ्यात सगळ्या निगेटिव्ह आणि त्या पाकिटातले बाकीचे फोटोही गेले. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, जणू मीच फेकल्या. मग आईचं हाड मोडलं. मग फिल्मच मिळेनाशा झाल्या. बहाण्यांची आपल्याला कधी वाण पडली नाही.

हॉस्पिटलमध्ये त्या शेवटच्या मंगळवारी तू पुन्हा विचारलंस. "तो फाडलास ना?"

"केव्हाच," मी म्हणाले. सवयीनं.

तू खिडकीकडे बघत होतीस. म्हणालीस, "त्यात मी बरी दिसत होते गं."

आयुष्यात पहिल्यांदा तू स्वतःच्या दिसण्याबद्दल काही बोललीस, आणि मी तोंड उघडणार तोच नर्स ड्रिप बदलायला आली. मला बाहेर थांबवलं. परत आत आले तर तुला डोळा लागला होता. म्हटलं, उद्या येताना घेऊनच येते, दाखवते, शिव्या खाते. उद्याच्याला तू थांबली नाहीस. फोटो माझ्या पर्समध्ये होता, सुजे. मी बसमध्ये होते तेव्हा करुणाचा फोन आला.

तर तो मी करुणाच्या हातात ठेवला. तिनं बराच वेळ बघितलं.

"मम्मी कुठे आहे यात?"

"ही काय. वाळूत. बूट हातात."

"तिच्या ड्रेसमधून आंट्या येतायत." मग एकदम, "ओ माय गॉड. ती ओरडतेय!" आणि तुझी लेक रडता रडता हसायला लागली. "मावशी, हीच. ही पाहिजे मला. ही मोठी करून आणते."

मी म्हटलं, अगं, पुण्यानुमोदनाला तोंड उघडलेला फोटो? लोक काय म्हणतील? माझ्यातली आई अजून पूर्ण गेलेली नाही, बघ. करुणानं ऐकलं नाही. कुणाची लेक!

रविवारी कॉव्हेंट्रीचा तोच हॉल. रंग दिलाय, खुर्च्या नव्या आहेत. टेबलावर पांढरं कापड, मेणबत्त्या, आणि मध्ये तू, भिंतीवरच्या टीव्हीएवढी. वंदना झाली, भंतेजी बोलले. मग माणसं फुलं वाहायला रांगेनं उठली, आणि रांग पुढे सरकेचना.

काठी टेकत आलेल्या एका आजींनी फूल हातातच ठेवलं आणि चष्मा वर केला. "अगं, ही माझी माय." बोट होतं ते तुझ्या खांद्याच्या उजवीकडे, समुद्रात. "ही. बुटकी. माझ्यापाशी तिचा एक फोटो नाही." मागून कोणीतरी आलं, "आणि ही लता? लताच की. पोर पोटात होतं तेव्हा." एक म्हातारे गृहस्थ बायकोला शोधत इतके वाकले की मेणबत्ती सरकवावी लागली. त्या वर्षीच्या जयंतीचे दुसरे फोटोच नव्हते कुणाकडे, तुझ्या बाबांनी तेवढी एकच फिल्म काढलेली. फुलं वाहायची राहिली आणि लोक तुझ्यावर बोटं ठेवून आपापली माणसं हुडकत बसले. भंतेजी हात बांधून शांत उभे. करुणा मोबाइलवर त्या फोटोचे फोटो काढून एकेकाला पाठवत होती, नंबर विचारत, स्पेलिंग विचारत.

मी मागे खुर्चीत बसून बघत होते. तू तिथे असतीस तर रांगेतल्या लोकांचे चेहरे काढले असतेस, हे मला पक्कं माहीत. ते बघायला तूच नव्हतीस, आणि हे मला सहन होत नव्हतं.

तेवढ्यात त्या काठीवाल्या आजी माझ्याकडे आल्या. त्यांनी माझा हात धरला. "बाई, हा फोटो काढला कोणी? एवढा चांगला?"

सुजे, इतकी वर्षं मी ज्याला कचरा म्हणत आले, त्याच्यासमोर उभी राहून मी अगदी बिनदिक्कत सांगितलं.

"मी."

आणि सांगून थांबले. तू मागून काहीतरी खेकसशील म्हणून.